शेक संपला, पुढं काय?

आक्काचा शेक संपला. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. बाहेरून २५ शेक, मग आतून नळी घालून. डॉक्टर म्हणाले, बऱ्या झालात, तीन महिन्यांनी दाखवा. फाईल काखेत मारून आम्ही एस्टी धरली.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. मशीन खोलून दुरुस्त केलं की फिटर चालवून बघतो. कुठं घासतंय, कुठं अडतंय विचारतो. लोखंडाची विचारपूस होते. आक्काची कुणी केली नाही.

सहा महिन्यांनी ती माझ्या बायकोजवळ रडली. नवरा जवळ आला की जीव जातो, रक्त येतं. दाजी आधी गप्प होते. मग शिव्या. मग 'तुझा रोग मला लागंल' म्हणून तिचं अंथरूण सोप्यात. हे आक्काला विचारून लिहितोय. ती म्हणाली, लिही, माझं नाव घालू नको.

मग मी विचारत फिरलो. शेकानं योनीची कातडी कोरडी पडते, आत चिकटते, वाट अरुंद नि आखूड होते. बीजकोश करपतात, पाळी अकाली जाते, अंगातून वाफा निघतात. हे एखादीलाच नाही, पुष्कळजणींना होतं. आणि ह्याला उपाय आहेत! शेकानंतर काही आठवड्यांनी, डॉक्टरला विचारून, डायलेटर नावाची गुळगुळीत नळी आठवड्यातून दोनतीनदा हळू आत घालायची. वाट मोकळी राहायला मदत होते. संबंधाच्या वेळी वंगणाची जेली. डॉक्टरनं तपासून दिलं तर हार्मोनचं मलम. रक्त आलं तर लाजून घरी बसायचं नाही. ते शेकानं येतं तसं रोग उलटल्यानंही येतं.

आणि दाजी, बायकोजवळ गेल्यानं कॅन्सर लागत नाही. ज्या एचपीव्ही विषाणूतून हा रोग होतो तो मात्र संबंधातून पसरतो. बाप्येही तो घरी आणतात.

हे मी विहारातल्या बैठकीत बोललो. एक कार्यकर्ता कानाशी लागला, "भाऊ, बाया बसल्यात." मर्दा, बाया बसल्यात म्हणूनच बोलत होतो! दुसरा म्हणाला, आधी जातीचे प्रश्न घेऊ. मग दुसऱ्याच्या रानात खुरपणाऱ्या बाईला तपासणी उशिरा मिळते, दवाखाना लांब पडतो, तिच्याशी डॉक्टर दोन मिनिटं बोलत नाही, हे कुणाचे प्रश्न?

वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना 'समाजस्वास्थ्य' मासिकात उत्तरं छापली म्हणून र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांच्या बाजूनं कोर्टात बाबासाहेब उभे राहिले. केस हरले, पण उभे राहिले. त्यांच्याच फोटोखाली बसून तुम्ही योनी म्हटलं की चपला शोधता.

येत्या सोमवारी आक्काला परत दवाखान्यात नेतोय. डायलेटर मागणार, वापरायचा कसा तेही विचारणार. दाजीला ओढून नेणार. एस्टी पहाटे पाचची आहे. तुमच्यापैकी कोण येतंय?