निखळणे : एका क्रियापदाची बैठक

मराठीत वैद्यकविषयक लेखन करणारे आणि परिभाषा घडविणारे विद्वान सांध्याच्या एका विकाराला ‘संधिच्युती’, ‘विस्थापन’, ‘संधिभ्रंश’ अशी नावे देऊ करतात. ज्याचा खांदा दुखावला आहे तो मात्र ‘खांदा निखळला’ एवढेच म्हणतो आणि हाडवैद्यापासून शल्यविशारदापर्यंत सर्वांना ते कळते. हा प्रश्न केवळ सोप्या आणि अवघड शब्दांचा असता, तर त्याची चर्चा वाङ्मयाच्या अभ्यासकांनी करण्याचे कारण नव्हते. परंतु ‘निखळणे’ या क्रियापदात जो नेमका अर्थ साठलेला आहे, तो सुचविलेल्या पर्यायांत उतरत नाही. आणि समीक्षेच्या भाषेत हेच क्रियापद सैलपणे वापरले जाते, तेव्हा तो तेथेही हरवतो.

प्रथम अर्थ पाहावा. मोडणे, तुटणे, लचकणे, मुरगळणे, उखडणे आणि निखळणे ही क्रियापदे मराठी माणूस एकमेकांच्या जागी वापरीत नाही. हाड मोडते, सांधा मोडत नाही, तो निखळतो. पाय मुरगळतो तेव्हा सांधा आपल्या जागी असतो, ताण त्याच्या बंधांवर पडलेला असतो. निखळण्यात वस्तू अखंड राहते, ज्या जागी ती बसलेली होती ती जागाही शाबूत असते. सुटतो तो दोहोंमधला मेळ. म्हणूनच अंगठीतला खडा निखळतो, भिंतीतला चिरा निखळतो, बिजागरी निखळते, साखळीतला दुवा निखळतो. झाडावरचे पान मात्र गळते, कारण ते देठाने जोडलेले असते, बसविलेले नसते. या सर्व उदाहरणांत प्रतियोगी क्रियापद एकच आहे, ‘बसविणे’. सोनार खडा कोंदणात बसवितो, गवंडी चिरा बसवितो, सुतार चौकट बसवितो आणि हाडवैद्य सांधा बसवितो. चार व्यवसायांत सामायिक असलेली ही जोडी पाहिली म्हणजे ध्यानात येते की, हा शब्द मुळात शरीराचा नसून बैठकीचा आहे. शरीराला तो लागू पडला, कारण मराठी भाषकाने सांध्याकडे एक बसविलेली वस्तू म्हणून पाहिले.

ही दृष्टी नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांध्यांचे आठ प्रकार सांगितले असून त्यांपैकी एकाचे नाव ‘उलूखल’, म्हणजे उखळ, असे आहे. काख, वंक्षण आणि दात ही त्याची स्थाने होत. आजच्या शालेय पुस्तकांतला ‘उखळीचा सांधा’ हा त्याच कल्पनेचा वारस. निदानस्थानात भग्नाचे संधिमुक्त आणि काण्डभग्न असे दोन भाग पाडले आहेत. निखळणे आणि मोडणे यांतील जो भेद मराठी बोलीने जपला, तो हाच. संधिमुक्ताचे उत्पिष्ट, विश्लिष्ट, विवर्तित, अवक्षिप्त, अतिक्षिप्त व तिर्यक्‌क्षिप्त असे सहा प्रकार तेथे मोजले आहेत. यांतील ‘विश्लिष्ट’ हा शब्द साहित्याच्या विद्यार्थ्यास थबकविणारा आहे. श्लिष् म्हणजे बिलगणे, आलिंगणे. ज्या धातूने काव्यशास्त्राला ‘श्लेष’ दिला आणि समीक्षेला ‘विश्लेषण’, त्यानेच शल्यतंत्राला निखळलेल्या सांध्याचे एक नाव दिले. विश्लेषणानंतर कृती पुन्हा जागी बसवावी लागते, याचे विस्मरण झालेले प्रबंध पाहिले की ही व्युत्पत्ती अधिकच बोलकी वाटते.

आता ‘निखळणे’ची व्युत्पत्ती. मराठीच्या ध्वनिपरिवर्तनाच्या अभ्यासाला शिस्त लावली ती ज्यूल ब्लॉक यांच्या १९२० च्या फ्रेंच ग्रंथाने, वा. गो. परांजपे यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद १९४१ चा. त्या शिस्तीने पाहता निस् + स्खल् ही व्युत्पत्ती सर्व बाजूंनी पटते. संस्कृतातील ‘स्क’, ‘स्ख’ यांचा प्राकृतात ‘ख’ होतो, दोन स्वरांमध्ये आला तर ‘क्ख’. स्वरांमधील एकेरी ‘ल’चा मराठीत ‘ळ’ होतो. ‘स्कंध’चा ‘खांदा’ झाला तो याच वाटेने. तेव्हा ‘खांदा निखळला’ या वाक्यातील दोन्ही ‘ख’ एकाच नियमाची अपत्ये ठरतात. स्खलन म्हणजे ठेच लागणे, घसरणे. ‘अस्खलित’ या शब्दात ते मराठीला परिचित आहे. ‘निस्’ या उपसर्गाने त्यात बाहेर पडण्याचा भाव आला. घसरून बाहेर येणे : सांध्याचे याहून नेमके वर्णन करणे कठीण.

कोशात वर्णानुक्रमाने शेजारी येणारे ‘निखळ’ हे विशेषण मात्र येथे घोटाळा करते. जे निखळले ते एकटे उरले, म्हणून निर्भेळ, म्हणून ‘निखळ’, अशी उपपत्ती ऐकावयास गोड वाटते. तिच्या मोहात पडू नये. निखळ आनंद कशातून सुटून आलेला नसतो. त्यात काही मिसळलेले नसते, इतकेच. ‘निखळ’चा उगम पुष्कळदा ‘निखिल’मध्ये शोधला जातो, पण त्यालाही ध्वनिनियम आडवा येतो. स्वरांमधील एकेरी ‘ख’ महाराष्ट्री प्राकृतात ‘ह’ होतो (मुख–मुह, सखी–सही). त्यापेक्षा ‘खल’ म्हणजे गाळ, तो ज्यात नाही ते निस् + खल, हे अधिक ग्राह्य वाटते. तसे असेल तर दोन वेगळे शब्द प्राकृतात ‘णिक्खल’ या एकाच रूपाशी येऊन मिळाले असे मानावे लागेल. रूपसाम्य म्हणजे नाते नव्हे.

या पार्श्वभूमीवर पर्यायी संज्ञांचा विचार करता ‘च्युती’त पतनाचा आणि पदावनतीचा भाव आहे, ‘पदच्युत’ शब्द त्याची साक्ष देतो. ‘विस्थापन’ तर अगदीच गैरलागू. त्याला कर्ता लागतो. कोणीतरी कोणाला तरी उठविल्याशिवाय विस्थापन होत नाही. ‘निखळणे’ अकर्मक आहे. त्यात आघात सूचित असला तरी आघात करणारा वाक्याबाहेर राहतो. शरीराच्या बाबतीत हे योग्यच.

समाजाच्या बाबतीत मात्र ते योग्य नाही, आणि ग्रामीण साहित्याच्या समीक्षेने याची दखल घ्यावयास हवी. धरणाखाली गेलेल्या गावांवरील कथा-कादंबऱ्यांविषयी लिहिताना ‘मातीपासून निखळलेला माणूस’ अशी शब्दयोजना सहज केली जाते. ती करुण आहे, श्रवणमधुरही आहे. पण मुळशीचा सत्याग्रह १९२१ मध्ये झाला तो कोणी आपोआप निखळले म्हणून नव्हे. तेथे जमीन घेणारी कंपनी होती आणि ती मिळवून देणारे सरकार होते. कोयनेच्या खोऱ्यातील माणसांनाही उठविण्यात आले. अशा ठिकाणी ‘विस्थापित’ हाच शब्द खरा, कारण त्यातला ‘कोणी?’ हा प्रश्न पुसला जात नाही. परिभाषाकार सांध्याला विस्थापित म्हणतात आणि समीक्षक माणसांना निखळलेले म्हणतात. दोघांनी आपापले शब्द परस्परांत बदलून घेतले तरी पुरेसे आहे.

मृत्युलेखांतील ‘साहित्यक्षेत्रातील तारा निखळला’ हे वाक्य त्या मानाने निरुपद्रवी. आकाशातला तारा मराठीत तुटतो. तो निखळू लागला तो आकाश हे कोंदण आणि तारा हा त्यात बसविलेला खडा मानल्यामुळेच; सोनाराचे क्रियापद तेथवर पोहोचले आहे.