चिप खुली, पण किल्ली कुणाकडे?

इंजिनीअरिंगला असाल तर ‘रिस्क-फाइव्ह’ हे नाव प्रोजेक्टच्या निमित्तानं कानावर आलं असेलच. नसाल तर एवढंच, की प्रोसेसरला आज्ञा कशा द्यायच्या याचा एक नियमसंच असतो. मोबाइलमधला बहुतेक ‘आर्म’ कंपनीचा असतो आणि त्यासाठी परवाना लागतो. २०१०मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरू झालेला रिस्क-फाइव्ह मात्र कुणीही फुकट वापरू शकतं.

परवान्याचं लफडं साधं नाही. क्वालकॉमनं २०२१मध्ये ‘नुव्हिया’ विकत घेतली, तर तिच्या डिझाइनच्या परवान्यावरून आर्मनं पुढच्याच वर्षी त्यांना कोर्टात खेचलं. डिसेंबर २०२४मध्ये ज्युरीचा कौल बराचसा क्वालकॉमच्या बाजूनं गेला, पण एवढ्या बड्या कंपनीची ही गत! भारतानं रिस्क-फाइव्हची वाट धरली ती उगाच नाही. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे दोन्ही त्यावरचेच. शक्तीवर आधारलेली ‘आयरिस’ चिप इस्रोनं मद्रासच्या मंडळींबरोबर केली, ती बनली मोहालीत.

हे सगळं भारीच. पण ‘चिप खुली झाली, आता मशीन आपलं’ असं कुणी म्हटलं, की मी जरा अडखळतो.

कारण विंडोज किंवा लिनक्स सुरू होण्याआधी मशीनमध्ये फर्मवेअर जागं होतं. इंटेलच्या चिपसेटमध्ये वर्षानुवर्षं ‘मॅनेजमेंट इंजिन’ नावाचा छोटा स्वतंत्र कॉम्प्युटरच बसलेला आहे. २०१७मध्ये उघड झालं, की त्यात मिनिक्स ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम चालते. गंमत म्हणजे मिनिक्सचे कर्ते अँड्र्यू टॅनेनबॉम यांनाही हे बातम्यांतूनच कळलं! त्याच वर्षी या इंजिनावर चालणाऱ्या रिमोट मॅनेजमेंटच्या सोयीत भोक सापडलं. पासवर्डच्या जागी रिकामं उत्तर पाठवलं तरी आत शिरता येत होतं. लिनक्स टाकून ते बुजत नव्हतं, कंपनीच्या फर्मवेअर अपडेटची वाट बघावी लागली.

रिस्क-फाइव्हमुळे हे आपोआप थांबतं का? नाही. व्याकरण सगळ्यांचं असतं, पण त्यात लिहिलेलं पत्र कुणी कपाटात कुलूप घालून ठेवलं तर आपण काय करणार? रिस्क-फाइव्हमध्येही सर्वांत वरचा अधिकार ‘मशीन मोड’चा आहे. तिथे फर्मवेअर चालतं, ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्या खाली. ‘ओपनएसबीआय’सारखं खुलं फर्मवेअर आहे, पण कंपनीनं ‘आमची डिजिटल सही असेल तरच चालू होईन’ अशी चिप काढली, तर ते तुम्हाला तिच्यात घालताच येणार नाही. तशी चिप काढायला नियमसंचाची आडकाठी नाही.

कुलूप वाईटच असतं असं नाही. चोरलेल्या फोनमध्ये कुणी काहीही घुसवू नये, हे तुम्हालाही हवंच असतं. वाद किल्लीचा आहे. घरातला जुना फोन बघा, स्क्रीन ठणठणीत, बॅटरी बरी, अपडेट मात्र बंद. बूटलोडर उघडत नसेल तर दुसरी सिस्टिम टाकता येत नाही, आणि पैसे मोजून घेतलेली वस्तू ड्रॉवरमध्ये जाते.

शक्तीच्या कोअरचा सोर्स कोड बीएसडी परवान्याखाली खुला आहे, तो उतरवून वाचता येतो. आणि पुढचा बोर्ड किंवा लॅपटॉप घेताना रॅम किती, कोअर किती हे विचारालच. ‘याचं फर्मवेअर मला बदलता येईल का?’ हेही विचारा. दुकानदार बहुतेक गोंधळेल, पण विचारा.