बारा जणांची लीग आणि नेटवर्क नसलेला कोर्समेट

फँटसी फुटबॉल लीगचे नियम ठरवताना सगळ्यात आधी कोणाचा विचार करायचा? माझ्या मते, ज्याच्याकडे सगळ्यात वाईट नेटवर्क आहे त्याचा. बाकीचे कसंही निभावून नेतात.

आमच्या कोर्सच्या बारा जणांची अशी लीग आहे, इंग्लिश प्रीमियर लीगवर. आठवड्याच्या खऱ्या सामन्यांत आपले खेळाडू जे करतील त्याचे गुण आपल्याला, एवढाच खेळ. दोघं वेळेआधी निवृत्ती घेऊन पुण्यात आहेत, काही जण मोठ्या शहरांत, एक ईशान्येत आणि एक उत्तरेत अशा उंचीवर की तिथून फोन लागला तर तीच बातमी. मी एनसीसीच्या पोस्टिंगवर भिलाईत. नव्या सीझनचे नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण पीस पोस्टिंगवाल्याला काम नसतं असा फील्डवाल्यांचा पक्का समज असतो.

प्रीमियर लीगचा अधिकृत खेळ बहुतेकांना माहीत आहे. 10 कोटी पौंडांचं काल्पनिक बजेट, 15 खेळाडू (2 गोलकीपर, 5 बचावपटू, 5 मिडफिल्डर, 3 फॉरवर्ड), एका क्लबचे जास्तीत जास्त तीन. लाखो लोकांसाठी हे ठीक आहे. पण बारा मित्रांत हा प्रकार मला बेचव वाटतो. जो महागडा फॉरवर्ड फॉर्मात असतो तो बाराही जणांकडे असतो, कॅप्टनही तोच. त्याने गोल केला काय न केला काय, आपसातला फरक शून्य.

म्हणून ड्राफ्ट. एक खेळाडू एकाच माणसाकडे, निवड सापासारखी वळणारी. पहिल्या फेरीत बारावा आलेला दुसऱ्या फेरीत पहिला, म्हणजे त्याला 12वी आणि 13वी निवड लागोपाठ मिळते, आणि पहिल्याला 1 नंतर थेट 24वी. हा न्याय सगळ्यांना पटतो. गोची पुढे आहे, आणि बहुतेक लीग तिथेच फसतात.

साधा हिशेब करा. बारा जणांना प्रत्येकी दोन गोलकीपर म्हणजे 24. प्रीमियर लीगमध्ये क्लब 20, एका वेळी खेळणारे गोलकीपरही 20. म्हणजे निदान चार जागांवर बाकावर बसणारा गोलकीपर येणारच. फॉरवर्डचं आणखी वाईट: प्रत्येकी तीन म्हणजे 36, आणि आजकाल बरेच संघ पुढे एकच फॉरवर्ड घेऊन खेळतात. तळाच्या फेऱ्यांत मग आपण फुटबॉलपटू निवडत नसतो, यादीतली नावं भरत असतो.

माझा प्रस्ताव 14 जणांच्या रोस्टरचा: एक गोलकीपर, पाच बचावपटू, पाच मिडफिल्डर, दोन फॉरवर्ड आणि एक खुली जागा. आठ गोलकीपर मोकळे राहतात, कोणाचा जायबंदी झाला तर तिथून घ्यावा. आणि ज्याला आठवडेच्या आठवडे बदल करता येणार नाहीत, त्याने खुली जागा दुसऱ्या गोलकीपरला द्यावी. तयार अ‍ॅपमध्ये हे बसत नाही, हिशेब शीटवर ठेवावा लागतो. ठेवू. आयुष्यभर रिटर्न भरण्यातच तरबेज झालोय आपण.

मोकळे खेळाडू ‘जो आधी टॅप करेल त्याचा’ या नियमाला माझा ठाम विरोध आहे. तो पुण्यातल्या सोफ्यावर बसलेल्यांसाठी बनवलेला नियम आहे. मागण्या गुरुवार रात्रीपर्यंत गोळा व्हाव्यात आणि तक्त्यात शेवटच्याला पहिला हक्क मिळावा. ज्याच्याशी संपर्क नाही त्याने आधीच लेखी आदेश सोडावा: अमुक खेळला नाही तर तमुक, तोही नाही तर हा. शनिवारचा पहिला सामना आपल्याकडे उन्हाळी वेळेनुसार संध्याकाळी 5 ला आणि थंडीत 6 ला सुरू होतो, टीम त्याच्या दीड तास आधी बंद. त्या वेळेला प्रत्येक पोस्टवर सिग्नल असेलच असं कोण म्हणेल?

एकूण गुणांऐवजी समोरासमोरचे सामनेही याचसाठी. एखादा महिनाभर गायब झाला तर त्याचे चार सामने जातात, अख्खा सीझन नाही. बारा जणांत प्रत्येकाला अकरा प्रतिस्पर्धी, तीन फेऱ्यांचे 33 आठवडे, उरलेल्या पाचांत बाद फेरी. अदलाबदली जानेवारीअखेर बंद. तिच्यावर मतदान मात्र नको, त्यातून फक्त गटबाजी होते.

एनडीएत क्रॉसकंट्रीला अख्खं स्क्वाड्रन पळायचं. एकटा पहिला आला म्हणून स्क्वाड्रन जिंकत नसे, मागचा घोळका किती वेळात येतो ते महत्त्वाचं असायचं. चांगल्या रोस्टरलाही तेच लागू आहे: सातव्या-आठव्या फेरीतल्या निवडीला किंमत हवी.

आता पैशांचं. ‘प्रत्येकी हजार ठेवू, चुरस येते,’ असं आमच्यातला एक दरवर्षी म्हणतो. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. ड्रीम11ला पैशांच्या स्पर्धा थांबवाव्या लागल्या आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून तिचं नावही गेलं. मित्रांच्या हजार रुपयांना हा कायदा लागतो का, याचा खल वकिलांनी करावा. माझी अडचण वेगळी आहे. महादेव बेटिंग अ‍ॅपच्या प्रकरणात तपास यंत्रणांनी ज्यांना मुख्य प्रवर्तक म्हटलं ते याच भिलाईचे. ज्या गावाची ओळख पोलाद प्रकल्पाची, त्याचं नाव देशभर सट्ट्याच्या बातम्यांत आलं. इथल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या कॅडेट्ससमोर मी उभा राहतो. त्यांच्यातला कोणी ‘सर, तुम्ही पण लावता का?’ म्हणाला, तर ‘नाही’ हे उत्तर मला तळटीप न जोडता देता आलं पाहिजे.

चुरस पैशांशिवायही येते. शेवटच्या क्रमांकाने पुढच्या रियुनियनचं सगळं नियोजन करायचं: हॉटेल, गाड्या, मेन्यू आणि बारा बायकांच्या तारखा जुळवणं. हा नियम मी मांडला तेव्हा मतदान एका मिनिटात झालं. उत्तरेतल्या पठ्ठ्याचं मत चार दिवसांनी आलं, एका शब्दात: ‘मंजूर.’ खाली त्याने पहिल्या पाच फेऱ्यांची यादीही जोडली होती, पर्यायांसकट.