लढाई दाखवा, तहही दाखवा

सांडोरजवळच्या वसई किल्ल्यात दर मे महिन्यात १७३९ च्या विजयाचे स्मरण होते. सुटीवर आलेल्या प्रेक्षकांपुढे ती लढाई उभी करावयाची, तर पुरती उभी केली पाहिजे. तटाखाली सुरुंग खणणारे, दारूगोळा वाहणारे आणि खिंडार पडताच पुढे धावून मातीस मिळालेले हजारो सामान्य शिपाई हेच त्या विजयाचे खरे भांडवल. देखाव्यात मात्र सरदार तेवढे दिसतात.

दुसरे असे की, चिमाजीअप्पांनी १६ मे रोजी मान्य केलेल्या तहाने पोर्तुगीज शिबंदीस सन्मानाने बाहेर पडण्याची आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस धर्मपालनाची मुभा दिली. ख्रिस्ती समाज सांडोरात आजही नांदतो आहे. विजयोत्सवाच्या नावाने त्याला परका ठरविणारे लोक चिमाजीअप्पांचाच शब्द मोडतात.

याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून राज्याचे स्वातंत्र्य गहाण टाकले. शिपायांनी रक्त सांडून मिळविले, ते सत्ताधीशाने गादीसाठी घालविले. हा अंकही लोकांस दाखविला जावा, असा आग्रह आपल्या कार्यकर्त्यांनी धरला पाहिजे.