डॉ. कौशिक आणि ‘नाशिकला हलवा’

‘मुंबई डायरीज २६/११’ ही मालिका सप्टेंबर २०२१ मध्ये आली आणि तिच्यातला डॉ. कौशिक ओबेरॉय बघता बघता लोकांचा लाडका झाला. मोहित रैना यांनी उभा केलेला हा सर्जन तापट आहे. वरिष्ठांशी त्याचं पटत नाही, घरी बायको दुरावलेली आहे, आणि रुग्ण टेबलावर आला की नियमांची त्याला पर्वा नसते. मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्रीच रुजू झालेले तीन शिकाऊ डॉक्टर त्याच्याकडून शिकतात. त्यांतली सुजाता अजावले मृण्मयी देशपांडे यांनी साकारली आहे. कौशिकवर जीव जडावा असं त्याच्यात पुष्कळ आहे. तो थकतो, चुकतो, तरी जागचा हलत नाही. देवासारखा निर्दोष डॉक्टर पडद्यावर दाखवण्यापेक्षा हा माणूस दाखवणं केव्हाही चांगलं. माझी हरकत वेगळ्या ठिकाणी आहे. त्याचे दोन प्रकारचे दोष मालिका एकाच माळेत ओवते. एक माणूस म्हणून असलेले दोष: चिडचिड, एकटेपणा, संसाराची हेळसांड. दुसरे कामातले दोष: कार्यपद्धती मोडणं, सहकाऱ्यांना न जुमानणं, सगळा भार स्वतःच्या अंदाजावर टाकणं. पहिल्या प्रकाराची किंमत तो मोजतो. दुसऱ्याचं मात्र बहुतेक वेळा त्याला बक्षीस मिळतं, कारण नियम मोडला म्हणूनच रुग्ण वाचला असं आपण पाहतो.

ही खोड एका मालिकेची नाही. अमेरिकी मालिकेतला डॉ. हाउस २००४ ते २०१२ अशी आठ पर्वं रुग्णांचा अपमान करत आणि सहकाऱ्यांना वेठीला धरत अचूक निदान करत राहिला आणि जगभर लोकप्रिय झाला. पडद्यावरच्या वैद्यकाचा सगळा हिशोबच असा सैल असतो. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९९६ साली एक अभ्यास आला होता. अमेरिकेतल्या तीन दूरचित्रवाणी कार्यक्रमांत हृदय बंद पडलेल्या रुग्णांची छाती दाबून त्यांना परत आणण्याचे साठ प्रसंग संशोधकांनी तपासले. त्यांतले ७५ टक्के रुग्ण तत्काळ वाचले होते. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांचं प्रत्यक्षातलं जगण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत २ ते ३० टक्क्यांच्या दरम्यान होतं. नियम प्रत्यक्षात काय करतात तेही पाहा: त्याच नियतकालिकात जानेवारी २००९ मध्ये, म्हणजे मुंबईवरच्या हल्ल्यानंतर दोनच महिन्यांनी, जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया-तपासणी यादीचा निकाल छापून आला. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत १९ मुद्द्यांची एक साधी यादी मोठ्याने वाचायला लावली: रुग्ण हाच ना, बाजू हीच ना, प्रतिजैविक दिलं का, कापसाचे बोळे मोजले का. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. कौशिक ज्या कागदाला झिडकारतो, तो कागद हे काम करतो.

नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावहून याकडे पाहिलं की मुद्दा अधिक टोचतो. कांद्याच्या या पट्ट्यात साप चावतो, फवारणीचं औषध पोटात जातं, ट्रॅक्टर उलटतो. माणूस ग्रामीण रुग्णालयात आणला जातो. अशा रुग्णालयाची रचनाच साधारण ३० खाटांची. मेंदूचा शल्यविशारद तिथे नसतो, तो असावा अशी योजनाही नाही. डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णाचा श्वास मोकळा करायचा, रक्तस्राव थांबवायचा, सलाईन लावायची आणि १०८ची रुग्णवाहिका बोलवून ‘नाशिकला हलवा’ म्हणायचं, हाच तिथल्या डॉक्टरचा अचूक उपचार असतो. बाहेर उभ्या नातेवाइकांना मात्र तो हात वर करण्यासारखा वाटतो. पडद्यावरचा डॉक्टर असतो तर इथेच टेबलावर घेतलं असतं, मग हा का घेत नाही? मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात अपघातातल्या रुग्णाला मेंदूच्या तज्ज्ञाकडे न्या असं सांगणाऱ्या निवासी डॉक्टरला जमावाने इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. डॉक्टरांवरच्या हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठरवणारा राज्याचा कायदा २०१० पासूनच होता. त्या जमावाने कुठली मालिका पाहून हात उचलला, असं मी म्हणत नाही. अपुरी यंत्रणा, तुटपुंजे कर्मचारी, नीट न बोललेला शब्द ही कारणं मोठी आहेत. पण ‘खरा डॉक्टर नाही म्हणत नाही’ ही समजूत कुठून तरी येते, आणि आपल्या लाडक्या कथा तिला वर्षानुवर्षं खतपाणी घालतात.

यावर एक आक्षेप रास्त आहे. नियम खरोखरच माणसाला मारतात, असं अनेकांनी सोसलेलं आहे. ‘मुन्नाभाई एमबीबीएस’मध्ये विष प्यायलेल्या मुलाच्या आईला आधी फॉर्म भरायला सांगतात, तो प्रसंग २००३ पासून आजवर विसरला गेला नाही, कारण तो खोटा वाटत नाही. मग नियम मोडणारा नायक लोकांना हवासा वाटला तर काय चुकलं? पण इथे कायदा काय म्हणतो ते पाहिलं पाहिजे. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितलं की जखमीचा जीव वाचवणं हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, आणि पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत. म्हणजे कागद बाजूला सारून रुग्णाला हात घालणारा डॉक्टर बंडखोर नाही, तो नियम पाळतो आहे. अडवून धरणारा नियम मोडतो आहे. कथा हे उलटं सांगते, आणि आपला हक्क आपल्याला कुणा वीराची मेहेरबानी वाटू लागतो. ज्याला स्वतःचा हक्क ठाऊक आहे, तो रुग्णालयात खिडकीपाशी ठामपणे बोलतो. ज्याला मेहेरबानीच ठाऊक आहे, तो आधी पाया पडतो आणि मग दगड उचलतो.

दुसरा आक्षेप असा की संकटाच्या रात्री यादी वाचत बसता येत नाही, तिथे धाडसच लागतं. तर २६/११च्याच रात्रीची खरी गोष्ट पाहू. दहशतवादी कसाब आणि त्याचा साथीदार मुंबईच्या कामा रुग्णालयात शिरले, तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांनी आपल्या कक्षातल्या वीस गरोदर बायांना आतल्या लहान खोलीत हलवलं आणि दारं लावून घेतली. एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला धरून प्रसूती कक्षात नेलं. पुढे न्यायालयात कसाबला ओळखलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे दूरदृश्य माध्यमातून साक्ष मांडली. त्यांनी कुठला नियम मोडला? कक्षातल्या रुग्णांची जबाबदारी परिचारिकेची, हा अगदी पहिला नियम त्यांनी गोळ्यांच्या आवाजात पाळला. प्रतिभेचंही तसंच आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांपाशी रात्ररात्र बसून नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी इथे जीव वाचवते हे दाखवून दिलं. १९८२ पासून त्यांचं लेखन ‘लॅन्सेट’मध्ये येत गेलं. शंभरात चाळीसपर्यंत जाणारे मृत्यू एकाच्या आसपास आले. हा विलक्षण बुद्धीचा माणूस आहे, पण त्याच्या बुद्धीचं मोल यात आहे की आता ती गोळी कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रातला नवखा डॉक्टरही देऊ शकतो. कौशिकचं कसब कौशिकबरोबरच घरी जातं.

‘मुंबई डायरीज’चा दुसरा भाग ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. त्यात कौशिकवर खटला उभा राहतो आणि मालिका आपल्या नायकाला जाब विचारते, हे तिच्या लेखकांचं श्रेय. पण जाब विचारला जातो तो दहशतवाद्यावर उपचार केल्याचा आणि मालिकेतले दहशतवादविरोधी पथकाचे (एटीएस) प्रमुख वाचले नाहीत याचा. रुग्ण कोण आहे हे न पाहता उपचार करणं हा तर डॉक्टरचा धर्म. तिथे कौशिक बरोबरच आहे, आणि प्रेक्षक निर्धास्तपणे त्याच्या बाजूला उभा राहतो. त्याच्या मनमानीमुळे एखादा रुग्ण दगावला आणि त्याला आईबापांसमोर बसून ते सांगावं लागलं, अशी परीक्षा त्याची व्हायला हवी होती. मराठीत कुणी डॉक्टरवर मालिका लिहायला घेतली तर मोठ्या शहरातलं मोठं रुग्णालय शोधायची गरज नाही. ग्रामीण रुग्णालयातली एक रात्र पुरेशी आहे: वैद्यकीय अधिकारी एकच, सिस्टर दोन, बाहेर चाळीस माणसं. त्या डॉक्टरला तापट दाखवा, झोपेला आलेला दाखवा, त्याचं घरही मोडायला आलेलं असू द्या. पण रुग्णाला नाशिकला हलवायचं ठरवून तो बाहेर येतो, गावच्या आशा कार्यकर्तीला सोबत घेतो आणि रुग्णाच्या बापाला पाच मिनिटं समजावून सांगतो की इथे काय होऊ शकतं, काय नाही आणि आता उशीर का करायचा नाही, तो प्रसंग कापू नका.