रात्रीचे दोन आणि ३३०० जीबी

बीएसएनएलचं 'डेटावन' २००५ साली सुरू झालं आणि पुढची काही वर्षं महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत रात्री दोनचा गजर लागू लागला. 'होम ५००' नावाचा प्लॅन होता. महिन्याला पाचशे रुपये भाडं, वापरायला ठरावीक कोटा, आणि रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेत जे उतरवाल ते कोट्यात धरत नसत. दिवसभर मुलं वहीच्या मागच्या पानावर यादी करून ठेवायची. दोनला पाच कमी असताना कॉम्प्युटर चालू व्हायचा, मॉडेमचा हिरवा दिवा लुकलुकून स्थिर झाला की डोळे घड्याळाकडे. भिंतीवरचं घड्याळ पुढे असलं तर पंचाईत, कारण दोनच्या आधी उतरलेला प्रत्येक एमबी कोट्यातून जायचा आणि कोटा संपला की एमबीमागे पैसे लागायचे. सकाळी आठच्या आत मॉडेम बंद करायचं काम आईकडे. एका सीडीत मावेल अशी ७०० एमबीची लिनक्सची फाईल सुरुवातीच्या २५६ केबीपीएस वेगाने उतरायला सहा तास घ्यायची. दोनला लावली की आठला पूर्ण.

त्या प्लॅनमध्ये जाच होता, पण शहाणपणही होतं. नेटच्या तारेवर ताण कधी येतो, हे तो ठरवणाऱ्याला नीट ठाऊक होतं. संध्याकाळी सगळे एकदम बसतात तेव्हा तार कमी पडते. पहाटे तीनला ती रिकामी असते, मग कुणी कितीही उतरवलं तरी शेजाऱ्याचं काही बिघडत नाही. गेल्या वीस वर्षांत तांब्याच्या जागी फायबर आली, केबीपीएसचे एमबीपीएस झाले, पण हे शहाणपण मात्र मागे पडलं. आज घड्याळाकडे कुणी बघत नाही, नुसते जीबी मोजले जातात.

२०२०च्या सप्टेंबरात जिओफायबर आणि एअरटेल या दोघांनी घरगुती 'अनलिमिटेड' प्लॅन सुरू केले. ऑक्टोबरात बीएसएनएलचा ४४९ रुपयांचा फायबर प्लॅन आला. वेग ३० एमबीपीएस, तोही ३३०० जीबीपर्यंत. त्यानंतर २ एमबीपीएस. ३३०० हा आकडा तेव्हापासून या धंद्यात रूढ झाला. अशा मर्यादेचंच नाव 'फेअर युसेज पॉलिसी', बोलीभाषेत एफयूपी.

आकडा लहान नाही, हे आधीच सांगायला हवं. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या हिशेबाने एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत लागतात. म्हणजे ३३०० जीबीत अकराशे तास बघता येईल, आणि तीस दिवसांच्या महिन्यात तास असतात सातशे वीस. चार माणसांचं साधं घर या रेषेच्या जवळपासही जात नाही.

पण सगळी घरं साधी नसतात. दोन एमबीपीएसने अखंड चित्रण वर पाठवणारा एक सीसीटीव्ही कॅमेरा महिन्याला सुमारे ६४८ जीबी खातो. असे पाच कॅमेरे क्लाउडला जोडले, की घरातल्या एकाही माणसाने मोबाईल हातात न घेता ३२४० जीबी होतात. लग्नाचे व्हिडिओ घरी बसून एडिट करणारा तरुण आणि त्याच्या कच्च्या चित्रणाच्या फाईली घ्या. शंभर-शंभर जीबीचे गेम घ्या. ज्यांना 'हेवी डाऊनलोडर' म्हणून वेगळं काढलं जातं, त्यांत चोरीचे सिनेमे उतरवणारेच असतात हा समज जुना झाला.

त्याहून चमत्कारिक हिशेब वेगाचा आहे. ३० एमबीपीएसची जोडणी पूर्ण वेगाने सतत चालवली तर ३३०० जीबी संपायला दहा दिवस लागतात. १०० एमबीपीएसला तीन दिवस आणि वर तासाभराहून थोडं जास्त. ३०० एमबीपीएसला एक दिवस. एक जीबीपीएसला सात तास वीस मिनिटं. मर्यादा तीच ठेवून नुसता वेग वाढवला, तर ज्याने जास्त पैसे मोजले त्याचा पूर्ण वेग सगळ्यात आधी संपू शकतो.

कंपन्यांची बाजूही खोटी नाही. फायबर घरात स्वतंत्र येते, पण तिच्या मागची तार सामाईक असते. जीपीऑन हे जे तंत्र घराघरांत वापरलं जातं, त्यात एका मूळ तारेवर साधारण अडीच जीबीपीएस वेग येतो आणि तो स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. ६४ घरांना प्रत्येकी १०० एमबीपीएस विकले तर बेरीज ६.४ जीबीपीएस होते. सगळे एका क्षणी पूर्ण वेगाने ओढणार नाहीत, या भरवशावर हा धंदा उभा आहे. त्यात गैर काही नाही. दूरसंचार नियामक ट्रायनेच २००९ मध्ये घरगुती ब्रॉडबँडसाठी हे वाटप एकास पन्नासपर्यंत मान्य केलं होतं. घरगुती जोडणी घेऊन अख्ख्या इमारतीला वायफाय विकणाराही कुठे कुठे भेटतो, त्याला आवर घालायलाच हवा.

मुद्दा असा की हा ताण तासाचा आहे, महिन्याचा नाही. रात्री साडेनऊला आयपीएलचा सामना रंगात आलेला असताना तार भरते आणि साडेअकरानंतर सैल होते. काच झिजत नाही. तिच्यातून प्रकाश गेला काय, न गेला काय, फायबरला फरक पडत नाही. लहान शहरातला नेटवाला वरच्या मोठ्या कंपनीकडून क्षमता घेतो तीसुद्धा एमबीपीएसमध्ये. जगभर रूढ असलेल्या एका पद्धतीत दर पाच मिनिटांनी वापर नोंदवतात, सर्वांत वरचे पाच टक्के आकडे सोडून देतात आणि उरलेल्यांतल्या सर्वांत मोठ्या आकड्यावर बिल करतात. म्हणजे जो स्वतः गर्दीच्या वेळचे पैसे भरतो, तो ग्राहकाकडून महिनाभराच्या बेरजेचा हिशेब मागतो. शिवाय नेटफ्लिक्स आणि गूगल आपले साठवणीचे सर्व्हर नेटवाल्यांच्या जाळ्यातच ठेवायला देतात. लोकप्रिय मालिका बहुतेक वेळा तिथूनच ग्राहकाकडे जाते, बाहेरून काही आणावं लागत नाही. ग्राहकाच्या कोट्यातून मात्र ती पूर्ण वजा होते.

गर्दीपुरता आवर घालणं तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, असं कुणी म्हणू लागलं तर त्याला अमेरिकेतल्या कॉमकास्ट कंपनीचा इतिहास वाचायला द्यावा. २००७ मध्ये ही कंपनी फाईलींच्या देवाणघेवाणीसाठी बिटटॉरंट वापरणाऱ्यांच्या जोडण्या गुपचूप तोडत असल्याचं उघडकीला आलं. दोन संगणक एकमेकांशी बोलत असताना मध्येच 'आता पुरे' असा खोटा निरोप घालायचा, ही तिची रीत. २००८च्या ऑगस्टमध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, हे थांबवायला सांगितलं. आयोगाला तो अधिकारच नव्हता असं २०१० मध्ये अपील न्यायालयाने ठरवलं, पण तोवर कंपनीने रीत बदललेली होती.

नवी रीत आरएफसी ६०५७ या नावाने इंटरनेटच्या तांत्रिक दप्तरात २०१०च्या डिसेंबरपासून आहे, कुणीही वाचावी. घराकडे येणारी सामाईक तार सलग पंधरा मिनिटं ऐंशी टक्क्यांच्या वर भरली, तरच यंत्रणा जागी होते. मग त्या पंधरा मिनिटांत आपल्या हक्काच्या वेगाच्या सत्तर टक्क्यांहून अधिक कोण ओढतंय ते पाहते आणि तेवढ्यांना रांगेत थोडं मागे करते. त्यांचा वापर पन्नास टक्क्यांच्या खाली आला की पुन्हा पहिल्या रांगेत. कुठलं अॅप, कुठली साईट, हे ती विचारत नाही. महिन्याभरात किती जीबी झाले याच्याशीही तिला कर्तव्य नाही. तार मोकळी असेल तर कितीही वापरा. एफयूपीतून जे साधायचं आहे ते सगळं यात साधतं, आणि वीस तारखेला कोटा संपला म्हणून पुढचे दहा दिवस, अगदी पहाटे तीनलाही, कुणाचा वेग पंधराव्या हिश्शावर येत नाही. त्याच कंपनीने २००८च्या ऑक्टोबरपासून महिन्याला २५० जीबीची मर्यादाही लावली, हेही खरं. गर्दीचा प्रश्न इंजिनियरांनी सोडवला असताना वर मर्यादा कशासाठी, याचं उत्तर जाळ्यात सापडत नाही. ते हिशेबाच्या वहीत शोधावं लागतं.

दुसरा प्रश्न शब्दाचा. 'अनलिमिटेड' म्हणून विकायचं आणि मर्यादा खाली बारीक अक्षरांत छापायची, ही साधी फसवणूक आहे आणि ती तशीच म्हटली पाहिजे. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने एटी अँड टी कंपनीला २०१४ मध्ये याच कारणावरून कोर्टात खेचलं. 'अनलिमिटेड' मोबाईल डेटा घेतलेल्या ३५ लाखांहून अधिक ग्राहकांचा वेग कंपनीने कमी केला आणि काहींना तर महिन्यात २ जीबी वापरल्यावरच हा फटका बसला, असा आयोगाचा आरोप होता. २०१९ मध्ये सहा कोटी डॉलर देऊन कंपनीने प्रकरण मिटवलं.

तिथलंच २०१८चं उदाहरण याहून गंभीर आहे. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातला मेंडोसिनो कॉम्प्लेक्स वणवा पेटला होता, तोवरच्या राज्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा. सांता क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाची 'ओईएस ५२६२' ही गाडी तिथे सगळ्या पथकांचा मेळ घालत होती आणि तिचं नेट व्हेरायझनचं, 'अनलिमिटेड' प्लॅनवरचं. मर्यादा ओलांडली गेली आणि वेग दोनशेव्या हिश्शावर आला. जवानांना स्वतःचे फोन वापरून काम चालवावं लागलं. दलाने कंपनीला विनवलं, तर अधिक महागडा प्लॅन घ्या असं सुचवण्यात आलं. आपत्तीत मर्यादा उठवण्याचं आपलं धोरण असताना ग्राहक सेवेकडून चूक झाली, असं कंपनीने नंतर मान्य केलं आणि पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियाने आणीबाणीत अशी कपात करायला बंदी घालणारा कायदा केला. मर्यादा आपोआप लागू होते. समोर कोण आहे आणि तो काय करतो आहे, हे तिला दिसत नाही.

भारतात नियम नाहीत असं नाही. ट्रायने २०१२ मध्ये कंपन्यांना एफयूपीची माहिती उघड करायला सांगितलं. ३१ ऑक्टोबर २०१६च्या निर्देशात आणखी दोन कामाच्या गोष्टी आल्या. कोटा ५०, ९० आणि १०० टक्के संपला की ग्राहकाला कळवायचं, आणि घरगुती जोडणीचा वेग कोटा संपल्यावरही ५१२ केबीपीएसच्या खाली न्यायचा नाही. ५१२ हा आकडा हवेतून आलेला नव्हता. तेव्हा 'ब्रॉडबँड' या शब्दाची सरकारी व्याख्याच किमान ५१२ केबीपीएस अशी होती. २००४च्या धोरणात ती २५६ होती आणि २०२३च्या जानेवारीत दूरसंचार विभागाने ती २ एमबीपीएसवर नेली.

मग कोट्यानंतरचा वेगही त्या व्याख्येबरोबर वर जायला हवा. ५१२ केबीपीएसला एक जीबी उतरायला सव्वाचार तासांहून जास्त लागतात. ज्या जोडणीला सरकार स्वतः ब्रॉडबँड म्हणत नाही, ती ग्राहकाला ब्रॉडबँडच्या भाड्यात महिन्याचे दहा दिवस देता कामा नये. जाहिरातीत जिथे १०० एमबीपीएस छापलं जातं, तिथेच, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत कोट्याचे जीबी आणि त्यानंतरचा वेगही छापावा. आणि ज्याला कोटा ठेवायचाच आहे, त्याने रात्री बारा ते सकाळी सातचा वापर त्यात मोजू नये. वेळेप्रमाणे हिशेब करणं महाराष्ट्राला नवं राहिलेलं नाही. स्मार्ट मीटर बसवलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या विजेवर महावितरण जुलै २०२५ पासून सवलत देतं. विजेला जमतं ते नेटला न जमण्याचं कारण नाही.

हे सगळं फायबर असलेल्या घरांचं झालं. राज्यातल्या असंख्य घरांत नेट म्हणजे फोनवरचा दिवसाला दीड जीबीचा पॅक. तिथे मर्यादा रोज लागते आणि त्यानंतरचा वेग बहुतेक पॅकमध्ये ६४ केबीपीएस असतो. या वेगाने तीन एमबीचा एक फोटो उघडायला सहा मिनिटांच्या वर जातात. व्हिडिओचा तर प्रश्नच नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीची तासाभराची दोन लेक्चरं बघून होतात, धाकटा भाऊ त्याच फोनच्या हॉटस्पॉटवर काहीतरी बघतो, आणि संध्याकाळी सातला 'तुमचा आजचा १०० टक्के डेटा संपला' असा मेसेज येतो. आदल्या दिवशी लग्नाला गेल्यामुळे न वापरलेला सव्वा जीबी बहुतेक पॅकमध्ये रात्रीच बुडालेला असतो. तो शनिवार-रविवारसाठी पुढे नेण्याची सोय व्होडाफोन-आयडियाने २०२० मध्ये काही पॅकना दिली, म्हणजे ते करता येतं. ट्रायने ते प्रत्येक दैनिक पॅकला बंधनकारक करावं, आणि संपल्यानंतरच्या वेगाची खालची रेषा मोबाईललाही आखून द्यावी.

तोवर ती मुलगी लेक्चर अर्धं सोडून पुस्तक उघडते आणि उशाशी गजर लावून ठेवते, रात्री बाराचा. बाराला नवा दीड जीबी येतो.