भांडण दोघांचे, वाट तिसऱ्याच्या शेतातून

बांधाचे आणि वहिवाटीच्या रस्त्याचे तंटे आपल्याला नवे नाहीत. दोन भाऊबंद भांडतात आणि एकाची गाडी तिसऱ्याच्या उभ्या पिकातून जाते. ज्याचा भांडणाशी काडीचा संबंध नाही, त्याचेच पीक तुडवले जाते. इस्रायल आणि इराण यांच्या वैरात नेमके हेच झाले आहे. तिथे वाट आकाशातून जाते, एवढाच काय तो फरक.

नकाशा उघडून पाहा. या दोन देशांची हद्द कुठेच लागत नाही. मध्ये जॉर्डन, सीरिया आणि इराक आहेत. 1944 च्या शिकागो करारानुसार आपल्या भूमीवरच्या आकाशावर प्रत्येक देशाचा पूर्ण हक्क आहे. कागदावर हा सातबारा अगदी स्वच्छ आहे. वहिवाट मात्र वेगळीच पडली.

13 एप्रिल 2024 च्या रात्री इराणने इस्रायलवर तीनशेहून अधिक ड्रोन व क्षेपणास्त्रे सोडली. ती मधल्या देशांवरूनच गेली. जॉर्डनने आपल्या हद्दीत आलेली काही पाडली, तर तुकडे त्याच्याच राजधानीत पडले, वर घरच्या लोकांचा रोष पत्करावा लागला तो वेगळाच. त्याच वर्षी 26 ऑक्टोबरला इस्रायलने इराणवर हल्ला केला. आपले आकाश वापरले म्हणून इराकने संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार दिली. जून 2025 मध्ये बारा दिवसांचे युद्ध झाले, तेव्हा इराकला पुन्हा तक्रार करावी लागली. आपल्याकडे रस्त्याचा अर्ज आला की तहसीलदार मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली पंचनामा करतो, निकाल देतो आणि अडथळा काढायलाही लावतो. सुरक्षा परिषदेकडे अर्ज घेणारा कारकून आहे, पण हुकूम बजावणारा कोतवाल नाही.

हे आजचेच आहे असेही नाही. 7 जून 1981 रोजी इस्रायलची विमाने जॉर्डन आणि सौदी अरेबियाच्या आकाशातून जाऊन बगदादजवळची अणुभट्टी उद्ध्वस्त करून परतली. परिषदेने एकमताने निषेधाचा ठराव केला. पुढे काय झाले? ठराव दप्तरी पडला.

आता मैत्रीचे पाहू. त्याच अणुभट्टीवर सप्टेंबर 1980 मध्ये पहिला हल्ला केला होता तो इराणने! त्या काळात इराक हा दोघांचाही शत्रू होता आणि इस्रायल इराणला गुपचूप शस्त्रे पुरवत होता. 1967 मध्ये इस्रायलशी लढलेल्या जॉर्डनने 1994 मध्ये त्याच्याशी तह केला. सीरियातील असद राजवट इराणची पाठीराखी होती. डिसेंबर 2024 मध्ये ती कोसळली, पाठोपाठ इस्रायलने सीरियाची हवाई संरक्षण यंत्रणा मोडून टाकली आणि पुढच्याच जूनमध्ये त्या आकाशातून जाणे सोपे झाले. कतारचे तर विचारूच नका. 23 जून 2025 ला तेथील अमेरिकी तळावर इराणची क्षेपणास्त्रे आली, आणि 9 सप्टेंबरला राजधानी दोहावर इस्रायलने हल्ला केला. तीन महिन्यांत दोन्हीकडचा मार खाल्ला.

आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. युरिया करायला नैसर्गिक वायू लागतो. आपल्या देशात बाहेरून आलेल्या वायूचा मोठा वाटा वर्षानुवर्षे याच कतारमधून, होर्मुझच्या अरुंद सामुद्रधुनीतून आला आहे. 13 जून 2025 ला हल्ला होताच कच्चे तेल एका दिवसात सुमारे 7 टक्क्यांनी चढले. युरियाची गोणी ठरल्या भावात मिळते म्हणून ही झळ दुकानात कळत नाही. ती अनुदानाच्या रूपाने सरकारी तिजोरीवर पडते, आणि तिजोरी आपलीच आहे.

म्हणून चावडीवर पेपर वाचताना कोणा एकाची बाजू घेऊन टाळ्या पिटण्याआधी थोडे थांबावे. ठिबक सिंचन आपण इस्रायलकडून शिकलो आणि आपल्या सोलापूरकडची केळी इराणच्या बाजारात गेली आहेत. दोघेही आपल्या ओळखीचे आहेत. ओळख दोघांशी ठेवावी, पण न विचारता दुसऱ्याच्या रानातून गेला तो चुकला, हे दोघांनाही सारख्याच शब्दांत सांगावे. आपल्या देशाची भूमिकाही हीच असावी, असे माझे मत आहे. मित्र पाहून न्याय बदलला, तर उद्या आपला बांध कोणी कोरला तेव्हा आपल्या बाजूने साक्ष द्यायला कोण येईल?

गावात वाटेचा तंटा मिटवताना सरपंच आणि पोलीस पाटील आधी ज्याचे पीक तुडवले त्याला बोलावतात. जगाच्या पंचायतीतही पहिला मान इराक, जॉर्डन, कतार अशांच्या म्हणण्याला मिळायला हवा. तो मिळत नाही तोवर हे भांडण मिटले असे कोणी कितीही वेळा जाहीर केले, तरी पीक तुडवले जाणारच.